सपाट रस्ता हवा होता, वारा फुकट मिळाला

मी मूळची साताऱ्याची, त्यामुळे धावणं म्हणजे चढणं हेच डोक्यात बसलेलं. सातारा हिल हाफ मॅरेथॉन दोनदा केलीय. अर्धा वेळ यवतेश्वरचा घाट चढायचा आणि उरलेला अर्धा वेळ गुडघे सांभाळत तोच घाट उतरायचा, धुकं असतं, पावसाची भुरभुर असते, खाली सातारा मधेच दिसतं मधेच गायब होतं. घाटाचं एक बरं असतं, तो लपवाछपवी करत नाही. चढ आला की पोटऱ्यांना कळतं, उतार आला की गुडघ्यांना कळतं, घड्याळात बघायची गरजच पडत नाही.

मग नोकरीपायी टोकियोला आलो आणि निशिकासाईत घर घेतलं. भाड्यानं हो, विकत कुठलं. निशिकासाई म्हणजे आपली भारतीय वस्ती, स्टेशनबाहेर मराठी कानावर पडतं, तूरडाळ आणि हिंग चालत जाऊन आणता येतं. आमच्या या एदोगावा वॉर्डात चढ नावाची वस्तूच नाही. वॉर्डाचा साधारण ७० टक्के भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे, २०१९ मध्ये वॉर्डानंच पुराचा जो नकाशा काढला त्याच्या कव्हरवर आमच्या भागाबद्दल चक्क छापलं होतं की इथं थांबून चालणार नाही. नवरा म्हणाला, पूर येईल तेव्हा येईल, तोवर तुझ्या गुडघ्यांना आराम. मलाही पटलं. एकेचाळिसावं लागलं होतं, फुल मॅरेथॉन अजून एकही नव्हती, म्हटलं करायचीच तर इथं करू, सपाटातली सपाट शोधून.

आता जपानात मॅरेथॉन शोधणं म्हणजे लग्नाला स्थळ शोधण्यासारखं आहे, स्थळं ढीगभर आणि प्रत्येकाची काहीतरी अट. सगळ्यात आधी अर्थात टोकियो मॅरेथॉन. शिंजुकूला महानगर सरकारच्या त्या जुळ्या टॉवरपाशी सुरू होते, पहिल्या पाच-सहा किलोमीटरमध्ये चांगला उतार मिळतो, तिथून पुढे जवळपास सपाट, शेवट टोकियो स्टेशनसमोर. स्वप्नच की. फक्त सोडत असते आणि कोविडच्या आधीच्या वर्षांत तर दहा-बारा अर्जांमागे एकाचा नंबर लागायचा असं सगळे सांगतात. मी दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा मेल आलं, त्यात राकुसेन असा शब्द होता. जपानी यायच्या आधी हा शब्द आला मला. राकुसेन म्हणजे नंबर नाही लागला.

ऑफिसात आमचे बुचो आहेत, म्हणजे विभागप्रमुख, रिटायरमेंटला आलेले, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. दुसरं राकुसेन आलं त्या दिवशी मी लंचला तोंड पाडून बसले होते तर ते माझ्यापुढे एक पिशवी ठेवून गेले. आत वाळवलेल्या रताळ्याच्या चकत्या. मला काही कळेना. नंतर समजलं की इबाराकीत कात्सुता मॅरेथॉन असते, १९५३ पासून चालू आहे, जानेवारीच्या शेवटाला, आणि ती पळणाऱ्यांना तिथलं हे वाळलेलं रताळं मिळतं. बुचोंनी ती खूपदा केलेली. रताळं आपल्याकडं उपासाला खातात, इथं बेचाळीस किलोमीटर धावल्यावर, म्हणजे हिशोब एकूण एकच. तर त्या दिवसापासून बुचो माझे गुरू झाले, त्यांना न विचारता.

त्यांनी मला रननेट नावाची साइट उघडून दिली. जपानातल्या बहुतेक रेसचे अर्ज तिथून भरतात आणि धावून आलेले लोक रेसला शंभरपैकी मार्क पण देतात, टॉयलेटची रांग किती होती इथपासून लिहिलेलं असतं. मी रोज रात्री भांडी झाली की भाषांतर लावून वाचत बसायचे. बेप्पु-ओइता, समुद्राला लागून सपाट, पण आधीच साडेतीन तासांच्या आत मॅरेथॉन केलेली असेल तरच दारात उभं करतात, माझ्यासारखीनं फोटो बघायचे. शोनान, ओइसोहून निघून एनोशिमाकडे जाऊन परत, समुद्राकाठचा हायवे, पण तिथं २०२२ पासून कागदी पेले बंद केलेत, आपली बाटली आपण न्यायची आणि वाटेत भरून घ्यायची, मला कल्पना आवडली पण बाटली हातात घेऊन माझा खांदा दुखतो. ओसाका भारी, पण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास उएमाचीच्या पठाराचा चढ लागतो, आणि चढ नकोच तर तिशीत तर अजिबातच नको. नागोयाची फक्त बायकांची, मार्चमधली, जगातली सगळ्यात मोठी बायकांची मॅरेथॉन म्हणून गिनीजमध्ये नोंद, सपाट आहे आणि पूर्ण केली की मेडलऐवजी टिफनीचं पेंडंट मिळतं. हिच्यावर माझा जीव अडकला होता, खोटं कशाला सांगू. पण नेमक्या त्याच रविवारी सकाळी सासूबाई नारिताला उतरणार होत्या, आणि सासूबाईंना सांगायचं की तुम्ही टॅक्सीनं या, मी पेंडंट आणायला गेलेय, एवढी हिंमत माझ्यात नाही.

इथं एक शहाणपणाची गोष्ट बुचोंनी शिकवली ती सांगते. प्रत्येक रेसच्या पानावर चढउताराचा आलेख असतो आणि आपण नुसती रेष बघतो. एका रेसची रेष बघून मी म्हटलं बाई बाई हा तर सह्याद्री आहे, तर बुचोंनी डाव्या बाजूला बोट ठेवलं, तिथं सगळ्यात वरचा आकडा २० मीटर होता. म्हणजे आमच्या साताऱ्याच्या घराच्या गच्चीपेक्षा थोडासाच जास्त. दुसऱ्या रेसची रेष झोपलेली दिसत होती आणि तिथला वरचा आकडा २००. रेष बघायची नाही, बाजूचे आकडे बघायचे, आणि एकूण किती मीटर चढायचंय त्याची बेरीज करायची. दुसरं, कान्मोन बघायचे. कान्मोन म्हणजे वाटेतली फाटकं, ठरलेल्या वेळेनंतर बंद होतात आणि मागे राहिलेल्यांना बाजूला घेऊन बसमध्ये बसवतात, आणि इथं वेळ म्हणजे वेळ. मोठ्या शहरातल्या रेसमध्ये वेळ पहिल्या बंदुकीपासून मोजतात, आपण मागच्या गर्दीत उभे असलो तर स्टार्टची रेषा ओलांडेपर्यंतच दहा-वीस मिनिटं जातात, ती कुणी परत देत नाही.

शेवटी ठरली इताबाशी सिटी मॅरेथॉन. मार्चमध्ये असते, पूर्वी हिला आराकावा नागरिक मॅरेथॉन म्हणायचे. सोडत नाही, जो आधी येईल त्याला जागा. तोदा पुलाजवळून आराकावा नदीच्या काठानं खाली जायचं, वळायचं, त्याच वाटेनं परत यायचं. रस्ता अडवावा लागत नाही म्हणून वेळेचं बंधनही जरा सैल. आणि सपाट, इतकी सपाट की आलेखातली रेष मला आधी दिसलीच नाही.

फॉर्म भरताना नाव काताकानात, म्हणजे परक्या शब्दांसाठीच्या जपानी लिपीत, लिहायचं होतं. माझ्या आडनावात ळ आहे आणि खे आहे, काताकानाला दोन्ही माहीत नाहीत. ळ चा रु झाला, ख चा क झाला, बिबवर, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या कागदावर, जे नाव छापून आलं ते वाचून आई म्हणाली ही कोण.

ही नदी सपाट का, हे नंतर कळलं तेव्हा मजा वाटली. इवाबुचीपासून समुद्रापर्यंतची आराकावा ही नदीच नव्हे मुळात, माणसांनी खोदलेला कालवा आहे. १९१० मध्ये टोकियोत प्रचंड पूर आला, त्यानंतर पुराचं पाणी शहराला वळसा घालून समुद्रात सोडायला साधारण २२ किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद असा हा मार्ग खणायला घेतला, १९२४ ला पाणी सोडलं आणि १९३० ला काम पुरं झालं. आओयामा आकिरा नावाचे इंजिनियर होते त्यावर, ते आधी पनामा कालव्यावर काम करून आलेले. इवाबुचीला त्यांच्या काळातलं लाल रंगाचं पाण्याचं फाटक अजून उभं आहे, शेजारी नवीन निळं. म्हणजे मी जिच्या काठानं धावणार होते ती नदी पट्टी लावून काढलेली. आमच्या कृष्णेला सांगा असं सरळ वाहायला, ऐकेल का ती.

तयारी नोव्हेंबरच्या शेवटी सुरू केली, १६ आठवडे. आमच्या घरून कियोसुना पूल ओलांडला की पलीकडचा काठ, तो धरून उत्तरेला जायचं, म्हणजे जवळपास रेसच्याच रस्त्यावर सराव. तो पूल हा माझ्या आख्ख्या तयारीतला एकमेव चढ. काठावर समुद्रापासून किती किलोमीटर ते सांगणारे खांब आहेत, त्यामुळे घड्याळाची बॅटरी गेली तरी अडत नाही. टोकियोचा हिवाळा धावायला सोन्यासारखा, कोरडा, लख्ख ऊन, पहाटे दोन-तीन डिग्री पण हात गरम झाले की काही वाटत नाही, आणि एखाद्या सकाळी लांब फुजी असा स्वच्छ दिसतो की थांबून नमस्कार करावासा वाटतो. करायचे मी.

पण डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सपाटीनं पहिला दणका दिला. उजवी पोटरी आणि मांडीची मागची शीर अशी धरली की जिना उतरताना कठडा पकडायला लागायची. मला कळेना, घाटात कधी काही झालं नाही आणि इथं टेबलासारख्या रस्त्यावर कसं. घराजवळच्या सेइकोत्सुइनमध्ये गेले, म्हणजे हाडं-स्नायू चोळून देणाऱ्यांचं दुकान समजा, तिथल्या बाईंनी पाय दाबून बघत सांगितलं की चढउतारावर पाऊल दरवेळी वेगळं पडतं, कधी मांडी काम करते कधी पोटरी, एकमेकींना सुट्टी मिळते. सपाटावर तेच पाऊल, त्याच जागी, त्याच ताकदीनं, हजारो वेळा. कुणालाच सुट्टी नाही. ऐकून मला आमचं ऑफिसच आठवलं.

उपाय साधेच होते. दर पाच किलोमीटरला एक मिनिट पावलं बारीक आणि भराभर टाकायची, मग पुन्हा नेहमीची चाल. आठवड्यात एकदा तो पूल आठ-दहा वेळा वरखाली. एका पायावर उभं राहून टाच उचलणं, भांडी घासताना, दात घासताना. लेक माझी नक्कल करायची. बूट पण बदलले, ओगावामाचीला स्पोर्ट्सच्या दुकानांची रांगच आहे, तिथं जाऊन. इथं बुटाचा नंबर सरळ सेंटिमीटरमध्ये असतो, पायाला २४, पण दुकानदारानं २४.५ च दिले, लांब अंतरात पाय सुजतो म्हणाला. त्याचं ऐकलं म्हणून नखं वाचली.

दुसरी अडचण कंटाळा. आराकावाच्या काठावर स्कायट्री सारखा दिसत राहतो, ६३४ मीटरचा टॉवर, तुम्ही पाच किलोमीटर धावा, दहा धावा, तो आपला तिथंच, नुसता थोडा मान वळवल्यासारखा. साताऱ्यातून अजिंक्यतारा असाच कुठूनही दिसतो पण तो दिसला की घर जवळ वाटतं, हा दिसला की अजून किती राहिलंय ते आठवतं. एकीकडे बेसबॉलची मैदानं, पोरं ओरडताहेत, दुसरीकडे पाणी, वर एक पूल गेला की पुढचा पूल. वीसच्या पुढचे लाँग रन करताना मी पाढे म्हटलेत. एकोणतीसचा पाढा मला शाळेत कधी आला नव्हता, जानेवारीत आला.

खाण्याचं मात्र झकास जमलं. मी शाकाहारी, अंडं चालतं. धावताना ताकदीसाठी खातात ती गोड जेल खाल्ली की मला मळमळतं, म्हणून गूळ-शेंगदाण्याचे सुपारीएवढे लाडू वळून कमरेच्या पट्ट्यात, दर सहा किलोमीटरला एक. बुचोंना एक दिला, त्यांनी दोन मिनिटं चघळून दुसरा मागितला. आदल्या तीन दिवसांत भात वाढवायचा असतो, इथले लोक मोची, म्हणजे कुटलेल्या चिकट भाताचे गोळे, आणि कासुतेरा नावाचा स्पंजसारखा केक खातात, मी वरणभात, दहीभात, उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा आणि वर कासुतेरा. फेब्रुवारीत नाक सुरू झालं, सुगी झाडाच्या परागांची अॅलर्जी, जपानात अर्धं गाव त्यावेळी शिंकत असतं, तीन आठवडे मास्क लावून धावले, दुसऱ्याच्या नाकानं श्वास घेतल्यासारखं वाटायचं.

वाऱ्याबद्दल बुचो एकदाच बोलले होते. म्हणाले, जाताना वाटेल की आज आपल्याला पंख फुटलेत, तेव्हा सावध. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

रेसच्या दिवशी पहाटे निघून इकेबुकुरो, तिथून साइक्यो लाइननं उकिमा-फुनादो, डब्यात सगळे तसेच, मांडीवर पिशवी, हातात केळं, कुणी कुणाशी बोलत नाही. स्टेशनवरून नदीपर्यंत माणसांची ओळ. थंडी चांगलीच होती आणि आभाळ धुतल्यासारखं निळं, म्हणजे वायव्येचा वारा सुटलेला, पण स्टार्टला गर्दीत उभं राहिलं की वारा लागत नाही. माझा हिशोब होता पाच तासांच्या आत, म्हणजे किलोमीटरला सात मिनिटं सहा सेकंद.

निघालो. आणि अहो काय ते पाय चालले! लाल फाटक गेलं, निळं गेलं, सेंजूचे पूल गेले, घड्याळ सांगतंय सहा मिनिटं चाळीस, आणि मला दम लागत नाही. मी मनात म्हणतेय सोळा आठवडे उगाच नाही घातले, तयारी झालीय झकास, हेच सपाट रस्त्याचं सुख. पाठीत वारा असला की तो जाणवतच नाही हो, तुमच्याच वेगानं तुमच्याबरोबर येत असतो, उलट थोडं उकडतं. मी जॅकेट काढून कमरेला बांधलं. त्या क्षणी तरी बुचो आठवायला हवे होते. घाटात उतार लागला असता तर मी म्हटलं असतं बाई हळू, परत चढायचंय. इथं डोळ्यांना काही दिसतच नव्हतं. दोन तास बावीस मिनिटांत अर्धं अंतर झालं, ठरवलेल्यापेक्षा सात-आठ मिनिटं आधी.

खुणेच्या खांबाला वळसा घातला आणि कुणीतरी समोर दार उघडावं तसा वारा तोंडावर आला.

टोपी उडाली. मागच्या एका काकांनी पकडून दिली, दाइजोबु, दाइजोबु म्हणत, म्हणजे काही नाही काही नाही. जॅकेट परत घालताना बोटं वाकेनात. पुढचे एकवीस किलोमीटर झाड नाही, भिंत नाही, आडोसा नाही, पट्टी लावून काढलेली नदी आणि तिच्यावरून पट्टीसारखा सरळ येणारा वारा. गंमत म्हणजे त्या वळणावरून आमचं घर फार लांब नव्हतं. पूल ओलांडला असता तर चहा मिळाला असता. हा विचार मी सत्तावीस किलोमीटरपर्यंत केला, नंतर घर मागे पडलं, मग नाइलाज.

इथले लोक तीस किलोमीटरची भिंत म्हणतात. माझी एकतीसला आली. पोटरीत गोळे, दोन्ही. लाडू तोंडात फिरतोय पण गिळवत नाही. तेव्हा एक जाडजूड माणूस पुढे चालला होता, पाठीवर काहीतरी जपानीत लिहिलेलं, मी त्याच्या मागे लपले. अक्षरशः लपले, चार-पाच किलोमीटर. तो धावला की मी धावायची, तो चालला की मी चालायची. एकदा त्यानं मागं वळून बघितलं आणि काही न बोलता जरा माझ्या बाजूला सरकला, म्हणजे वारा नीट अडेल असा. त्याचं तोंड मी नंतर गर्दीत शोधलं, पाठच माहीत असल्यावर तोंड कसं सापडणार.

आणि मग ते सरबत. या रेसची ती प्रसिद्ध गोष्ट आहे, शेवटच्या टप्प्यात बर्फाचं शर्बत देतात, गोळ्यासारखं, पेल्यात. उन्हाच्या वर्षी लोक त्यावर तुटून पडतात म्हणे. माझे दात वाजत होते, नाक वाहत होतं, आणि एक शाळकरी पोरगी दोन्ही हातांनी पेला पुढे करून फाइतो, फाइतो, म्हणजे लढ लढ, ओरडत होती, तिला नाही कसं म्हणणार. घेतलं. थंडगार, गोड, डोक्यात कळ गेली, आणि देवाशप्पथ पोटरीतला गोळा विसरले. पुढचा एक किलोमीटर पळाले चक्क.

लाल फाटक परत दिसलं तेव्हा थोडं रडू आलं, दमल्यामुळे असेल. पाच तास नऊ मिनिटं. दुसरं अर्धं दोन तास सत्तेचाळीस. नवरा आणि लेक उभे होते, सासूबाई पण, शाल पांघरून, आठवड्याभरापूर्वीच आल्या होत्या, त्यांनी आधी माझे हात चोळले आणि मग विचारलं, पहिली आलीस का?

सोमवारी बुचोंना दोन्ही अर्ध्यांचे आकडे दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, आकडे बघितले, म्हणाले, पंख? मी म्हटलं, हो, पंख. ते हसले, म्हणजे त्यांच्या मानानं हसले, आणि ड्रॉवरमधून रताळ्याची पिशवी काढली.

रात्री आईचा फोन आला साताऱ्याहून.

"अगं, चढ नव्हता म्हणालीस ना? मग एवढा वेळ कसा लागला?"

"आई, वारं होतं."

"मग डोक्याला रुमाल बांधायचा की."